बहिरी मावशी

मोॲब, बुधवार, ७ ऑक्टोबर

मारेन,

फर्नचा तळाच्या ऑफिसातून फोन आला. म्हणाली, "तुझी पोरगी आलीय. नदीकाठच्या तळावर, कोपऱ्यातल्या जागेत. कॅलिफोर्नियाची निळी व्हॅन. बरोबर एक उंच पोरगा आहे, दात छान आहेत." मी म्हटलं, "बरं." तर म्हणते, "बरं काय? तुला माहीत होतं?" मला कुठून माहीत असणार? माझा नंबर तू तुझ्या फोनवर बंद करून ठेवलायस त्याला दोन वर्षं होत आली. म्हणून हे कागदावर लिहितेय आणि फर्नच्या हाती देतेय. ती आधी स्वतः वाचणार. फर्न, वाच, पण पुढे दे.

सरळ मुद्द्याचं सांगते. तू बहिरी मावशी चढायला आलीयस. नाही म्हणू नकोस. गावातून हॉर्नसुद्धा न वाजवता गेलीस म्हणजे त्याच सुळक्यासाठी आलीस. ती मी आणि तुझ्या बापाने पहिल्यांदा चढली, नावही आम्हीच ठेवलं, आणि तुला तिच्यावर दोर घेऊन पुढे चढून मला काहीतरी दाखवायचंय. दाखव. माझं काही म्हणणं नाही. पण या आठवड्यात नको.

हे लिहिताना पाऊस पडतोय. आपल्याकडे पडतो तसा नाही, दुपारपासून थांबलेलाच नाही. मोटेलच्या पार्किंगमध्ये लाल पाणी भरलंय आणि एका पाहुण्याची चप्पल माझ्या लाँड्रीच्या दारापर्यंत वाहत आलीय. हा दगड पाणी पितो, मारेन. दगड कसला, दाबून बसवलेली वाळूच ती. वरून ऊन लागलं की तासाभरात लालभडक दिसतो, आणि आत भिजलेल्या बिस्किटासारखा असतो. चादर दोरीवर मधोमध वाळते आणि शिवणीत ओल राहते, तसं. हे तुला मी शिकवलंय, परत शिकवत नाही. बुडाशी वाळूत हात घाल, मूठ वळली तर घरी जा. तुला माहीत आहे. तुझ्या त्या दातवाल्याला माहीत नसणार. फर्न म्हणते तो योसेमिटीकडचा आहे. त्यांचा दगड वेगळा, पाणी न पिणारा. त्यांच्याकडे पाऊस थांबला की लोक कॉफी पिऊन चढायला लागतात. त्याचं ऐकू नकोस.

राहिलं वेसच्या चढाईच्या सामानाच्या दुकानातलं, दोन वर्षांपूर्वीचं. वेसने मला विचारलं, तुझ्या पोरीला वाटाड्याची नोकरी देतोय, ती गिऱ्हाइकांच्या पुढे चढेल का. मला वाटलं ते मी सांगितलं, मारेन दोराच्या खालच्या टोकाला चांगली, वरच्या टोकाला नको. तू माझ्या पाठीमागे उभी आहेस हे मला काय माहीत. त्यावर पुन्हा बोलायचं नाही मला.

पाऊस थांबला तरी थांब.

नोला
(आई म्हणून सही केली तर तू फाडशील, म्हणून.)


गुरुवार, ८ ऑक्टोबर

मारेन,

फर्न म्हणाली तू पत्र वाचलंस आणि त्याने चूल पेटवलीस. मी विचारलं, "पेटली का?" म्हणाली, "ओलं लाकूड होतं, नाही पेटली." म्हणजे कागदही वाया गेला.

आज सकाळी पाऊस थांबला. दहाच्या सुमारास माझ्याकडे लाँड्रीत एक पोरगा आला. खांद्यावर दोन झोपायच्या पिशव्या, टपटप गळताहेत. मी दात पाहिले आणि ओळखलं. माझ्या छातीवर नावाची पाटी असते. मी एक टॉवेल खांद्यावरून पुढे घेतला आणि ती झाकली.

"मॅम, हे मशीन चालतं का?"

"ते नाणी खातं नुसतं. बाजूचं घे. आणि पिसांच्या पिशव्या आहेत त्या, आच मंद ठेव, नाहीतर जळक्या कोंबडीचा वास येईल खोलीभर."

बोलका आहे. मी उशांचे अभ्रे चढवत होते आणि तो मशीनवर बसून पाय हलवत सगळं सांगत सुटला. डेक्लन नाव आहे, सुतारकाम करतो, रविवारी परत जायचंय, सोमवारी कामावर हजर. म्हणून उद्याच मावशी चढायची.

"उद्या? कालपासून आकाश फाटलं होतं."

"ऊन पडलंय की. दुपारपर्यंत खडखडीत वाळेल."

"इथला दगड तसा नाही."

"माझी मैत्रीण पण तेच म्हणते. पण खरं सांगू? तिच्या आईने लहानपणापासून डोक्यात भरलंय ते. तुम्ही ओळखत असाल तिच्या आईला. नोला. सगळा गाव टरकतो म्हणे."

"ऐकून आहे," मी म्हटलं.

"पोरीच्या पाचव्या वाढदिवसाला केकऐवजी कमरेला बांधायचा चढाईचा हार्नेस दिला त्या बाईने!"

मारेन, केकपण होता. पीचचा केक होता, मी स्वतः केला होता, एका बाजूने करपला होता आणि तू ती बाजू कुत्र्याला दिलीस. हार्नेस लक्षात राहिला आणि केक नाही. मी जीभ चावली. त्याला म्हटलं, "अशा बायका असतात." तर म्हणाला, "मारेन सगळे टप्पे पुढे चढणार आहे. मला एकही देत नाही. म्हणते, मला या सुळक्यावर दोराच्या खालच्या टोकाला उभंसुद्धा राहायचं नाही. काय भानगड आहे देव जाणे."

मला माहीत आहे काय भानगड आहे. मी अभ्रा उलटा चढवला.

जाताना माझे आभार मानून गेला. पोरगा वाईट नाही. मूर्ख आहे, पण तो पहिल्यांदा वाळवंटात आलाय. तू नाही. उद्या नको, मारेन. मी पाया पडणाऱ्यांतली नाही, पण समज पडले.

फर्नकडे देतेय हेही. चुलीत घालण्याआधी वाच.

नोला


शुक्रवार, ९ ऑक्टोबर. गाडीत बसून लिहितेय, अक्षर वाकडं येईल

मारेन,

तुमच्या व्हॅनच्या टायरची हवा मी सोडली. तुला कळलंच आहे. उजाडता उजाडता आले होते, तुम्ही झोपलेले, आणि तो घोरत होता. मागचा डावा टायर. वाटलं, हवा भरायला गावात येतील, दुकान नऊला उघडतं, तोवर ऊन डोक्यावर येईल, मन बदलेल. लाँड्रीत परत आले तर तासाभरात दारावर तुझी चिठ्ठी चिकटवलेली. 'पंप आहे आमच्याकडे. पुन्हा केलंस तर शेरिफला सांगेन. मा.' दोन वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं. मी ती फाडली नाही.

मग मॅनेजरला पोट दुखतंय सांगितलं आणि तुमच्या मागे आले. तुम्ही खडीच्या रस्त्याने गेलात, मी नाल्यातून आले. नाल्यात पाणी होतं, पुढचा बंपर तिथेच राहिलाय. मावशीच्या समोरच्या त्या तिरक्या शिळेमागे दुर्बीण घेऊन बसले. हो, हेरगिरी केली. लाँड्रीचा निळा एप्रन अंगात, डोक्यावर मोटेलचा टॉवेल. रेंजर आला असता तर मला कुठे घेऊन गेला असता कोण जाणे.

ऐकू काहीच आलं नाही. तिथे कधीच येत नाही. दोन सुळक्यांच्या मधून वारा असा घुसतो की हाताच्या अंतरावरचं बोलणंही उडून जातं, म्हणून तर नाव ठेवलं बहिरी मावशी. पण दिसत सगळं होतं. त्याने वर सूर्याकडे बोट केलं. घोड्याची मान थोपटावी तसा दगड थोपटला. दोर काढून वेटोळी सोडवायला लागला. तू हार्नेस चढवलास. हातांना पट्ट्या गुंडाळल्यास. मी शिळेवर मूठ आपटली, सालटी निघाली.

मग तू खाली बसलीस आणि वाळूत हात घातलास. कोपरापर्यंत. बराच वेळ तशीच बसलीस. मूठ वर काढून उघडलीस. वाळूचा गोळा झाला होता, दुर्बिणीतून मला दिसला. तू त्याच्यासमोर धरलास. त्याने खांदे उडवले, परत सूर्याकडे बोट केलं. तू तो गोळा सरळ त्याच्या छातीवर मारलास, आणि तो तिथेच चिकटून राहिला. त्याने खाली मान घालून आपल्या शर्टाकडे पाहिलं. मग तू हातांच्या पट्ट्या सोडल्यास.

मी शिळेमागे एकटी हसले. मोठ्याने. ऐकणारं कोणी नव्हतं.

एक सांगते, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. तुझ्या वयाची मी तिथे असते, ऊन पडलेलं, हार्नेस अंगात, आईवर राग, तर मी चढले असते. दगड कसाही असो. मला उभं राहून वाट बघता येत नाही, कधीच आली नाही. तू पट्ट्या सोडल्यास आणि गाडीकडे चालायला लागलीस, मागे वळूनही पाहिलं नाहीस.

हे पत्र तुमच्या काचेच्या वायपरखाली लावतेय. टायरला हात लावलेला नाही.

नोला


रविवार, ११ ऑक्टोबर

मारेन,

फर्न म्हणते तुमचं भांडण झालं आणि तो दुपारच्या बसने गेला. "शिव्याबिव्या काही नाहीत," फर्न म्हणाली, "दोघं इतकी सभ्यपणे भांडत होती की मलाच मधे पडून एखादी शिवी द्यावीशी वाटली." त्याला सोमवारी कामावर जायचं होतं, तुला थांबायचं होतं. तो म्हणाला दगडासाठी नोकरी घालवणार नाही, तू म्हणालीस घालवू नकोस. आणि आता तू एकटीच बसून पॅनकेक खातेयस, तेही कोरडे. फर्नकडे मेपलचा पाक आहे, माग ना.

म्हणजे तुझ्याकडे दोर आहे, भेगेत अडकवायचे पंजे आहेत, कड्या आहेत, पण माणूस नाही. आणि बहिरी मावशी एकट्याने चढायची नसते.

मला उद्या सुट्टी आहे. मंगळवारपासून सलग ड्यूटी, शिकाऱ्यांचा हंगाम सुरू होतो, मोटेल भरतं. तेव्हा उद्याच. मी सकाळी सुळक्याच्या बुडाशी असेन. दोराचं खालचं टोक मी बांधते. तू पुढे. सगळे टप्पे तुझे, मी एकही मागणार नाही आणि खालून एक शब्द बोलणार नाही. बोलले तरी तुला ऐकू येणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, वर गेल्यावर कळण्यापेक्षा बरी. माझा डावा खांदा गेलाय. हात डोक्यावर जात नाही. वसंतापासून मी काही चढलेली नाही. फर्नला माहीत आहे, बाकी कोणाला नाही. चादरी दोरीवर टाकायला मी स्टुलावर उभी राहते आणि लोकांना वाटतं मी बुटकी झाले. डॉक्टर म्हणतो विश्रांती. मी म्हटलं, ती कुठल्या दुकानात मिळते?

खुणा त्याच. मी आणि तुझा बाप करायचो त्या. वर पोचून पक्कं बांधून घेतलंस की तीन झटके. म्हणजे ये. त्या पोराकडे बोलायचे रेडिओ होते म्हणे, ते तो घेऊन गेला. बरं झालं.

यायचं नसेल तर नको येऊस. मी डबा घेऊन येतेय, एकटी खाऊन परत जाईन.

नोला


गुरुवार, २२ ऑक्टोबर

मारेन,

पत्ता फर्नने दिला. तळावरच्या बुकिंगमधून काढून. ते कायद्यात बसत नाही बहुतेक, तेव्हा तिला सांगू नकोस की मी तुला सांगितलं.

तुला माहीत असलेलंच लिहितेय. पण तू वर होतीस आणि मी खाली, आणि खालच्या बाजूला काय झालं ते तुला दिसलं नाही. विचारलंही नाहीस. म्हणून.

तू येणार नाहीस असं धरून मी अर्धा डबा आधीच खाल्ला होता. तुला वाटलं मी तेवढाच आणला. तुझ्या व्हॅनची धूळ दिसली तेव्हा तोंडात बिस्किट होतं, ते तसंच गिळलं.

तू उतरलीस आणि पहिलं काय बोललीस? "आई, अजून एक दिवस थांबू."

"कशाला? हे बघ." मी मूठभर वाळू काढून बोटांतून सोडली, पिठासारखी गळाली.

"बुडाशी ठीक आहे. वरच्या उभ्या चिमणीत ऊन जात नाही."

"त्या भेगेत ऑक्टोबरात ऊन जायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील. उद्यापासून माझी ड्यूटी आहे."

"तूच लिहिलंस ना, शिवणीत ओल राहते म्हणून?"

"ते बुधवारी लिहिलं. आज सोमवार आहे. बाई, मी रोज ढीगभर चादरी वाळवते, मला ओल कळते."

"आणि खांदा?"

"खांदा माझा आहे. तू तुझं बघ."

तू हसलीस. राग आला होता तुला, पण हसलीस, आणि दोराचं टोक माझ्याकडे फेकलंस. "ठीक आहे. पण ऐक. मी पुढे आहे. मी जिथे हात लावणार नाही तिथे तूही लावायचा नाही. माझ्या हाताची खडूची पांढरी पूड जिथे दिसेल तेवढंच धरायचं."

"बरं बरं."

"बरं बरं नाही. हो म्हण."

"चढ आता, माझे आई!"

मी हो म्हटलं नव्हतं. आठवून बघ.

खालचा टप्पा तू कसा चढलीस ते मी पाहिलं. त्यावर लिहीत नाही, माझ्याच्याने लिहवणार नाही. एवढंच सांगते की मी दोर सोडत होते आणि तो माझ्या हातातून जात होता, कुठे अडत नव्हता, कुठे घाई करत नव्हता. घाई करणाऱ्याचा दोर हिसके देतो. माझा द्यायचा. तुझा बाप म्हणायचा, नोला, तुझ्या खालच्या टोकाला उभं राहणं म्हणजे खेचर धरणं. मग तू चिमणीत शिरलीस, तुझे पाय दिसेनासे झाले, आणि बराच वेळ दोर हललाच नाही. मी काय काय मनात आणलं ते राहू दे. मग परत सरकायला लागला. मग तीन झटके आले.

मी चढले. खालचा टप्पा झाला, उजव्या हातावर आणि पायांवर. चिमणीत शिरले तर आत गारवा, तळघरात असतो तसा. तिथेच मला कळायला हवं होतं. कळलं. पण मी चढत राहिले. चिमणीच्या तोंडाशी तो मावशीचा कान, दगडाचा बाहेर आलेला कंगोरा, आयुष्यभर धरलेला, हाताला हवा तिथे हवा तसा. पंचवीस वर्षांत त्या सुळक्यावर गेलेल्या प्रत्येक माणसाने तो धरलाय. आणि तुझ्या हाताची पूड त्याच्यावर नव्हती. मी पाहिलं, मारेन. नीट पाहिलं. तुझी पूड पलीकडच्या बारीक भेगेत होती, बोटं चिणावी लागतात तिथे, डावा हात डोक्यावर न्यावा लागतो तिथे. तू सोपं सोडून कठीण धरलं होतंस. का ते मला माहीत होतं. पण माझा खांदा ओरडत होता आणि मला वर यायचं होतं. मी कानाला हात घातला.

तो निघून आला. आवाजही झाला नाही. पाव मोडावा तसा हातात आला, आणि त्याच्यामागून ओली वाळू माझ्या तोंडात, डोळ्यांत. मी सुटले.

आणि पडले नाही. दोर ताठ झाला आणि मी जिथल्या तिथे लोंबकळत होते. तळहाताएवढीसुद्धा खाली गेले नाही. म्हणजे तू दोर जराही ढिला ठेवला नव्हतास. मी हो म्हटलं नव्हतं हे तुझ्या लक्षात होतं. मी काय करणार ते तुला बुडाशीच माहीत होतं.

मी ओरडले. तुला ऐकू आलं नाही ते बरं झालं, शिव्या होत्या. मग रडले थोडी. तेही ऐकू आलं नाही. मला वाटलं आता ही मला ओढायला लागेल, गोणीसारखी. कोणीही ओढलं असतं. मी तरी ओढलं असतं, खालच्याला श्वाससुद्धा घेऊ न देता. तू ओढलं नाहीस. दोर ताठ धरून नुसती थांबलीस. ऊन त्या समोरच्या कड्यावरून खाली सरकलं तोवर थांबलीस. मी डोळे पुसले, तोंडातली वाळू थुंकले, पाय भिंतीला टेकवले, तेव्हा कुठे दोराला पुन्हा तीन झटके आले. सावकाश. एक. दोन. तीन.

मग मी तुझ्या पांढऱ्या खुणा बघत बघत आले. एकही चुकवली नाही. खांदा काय म्हणत होता ते मी ऐकलं नाही.

वर आल्यावरचं तुला आठवतच असेल. तू पाणी दिलंस, सुकवलेले पीच दिलेस आणि बराच वेळ पलीकडे नदीकडे बघत बसलीस.

"कान?" तू विचारलंस.

"गेला."

"मी त्याला हात लावला नव्हता."

"पाहिलं मी."

"तिथे ओला वास येत होता."

"हो."

"काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"परत म्हण."

"गप्प बस आणि पीच दे."

तू एवढी हसलीस की मी तुझा हार्नेस धरून ठेवला.

कानाचा तुकडा बुडाशी पडला होता. तुला पाठवायचा विचार होता, पण पार्कातला दगड न्यायचा नाही हे तुला मीच शिकवलंय, म्हणून तिथेच ठेवलाय. सावलीकडच्या ज्युनिपरच्या झुडपाखाली. आता वाळला असेल.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. शनिवारी दोघं जण चढून आले आणि सांगायला लागले की मावशीचा कान गेला. मी वेसच्या दुकानात कॉफीला गेले तर पाच-सहा जण तिथे त्याच गप्पा मारत होते. कोणी तोडला, कोण गाढव ओल्या दगडावर चढलं, कॅलिफोर्नियावाले असतील.

"मी तोडला," मी म्हटलं.

सगळे वळून बघायला लागले. वेस म्हणाला, "तू? पुढे होतीस?"

"मारेन पुढे होती. तिने हात लावला नव्हता, आणि मलाही लावू नकोस म्हणाली होती."

"मग तू कुठे होतीस?"

"दोराच्या खालच्या टोकाला. तिने धरलं म्हणून इथे उभी राहून तुझी पाणचट कॉफी पितेय."

वेसने भुवया वर केल्या. दोन वर्षांपूर्वी तो प्रश्न त्यानेच विचारला होता, त्यालाही सगळं आठवत असणार. मी कप धुतला आणि बाहेर आले. ते माझ्या मागे काय बोलले मला माहीत नाही. वेसने तुझा नंबर विचारला तर फर्न देईल, मी नाही.

खांद्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात आहे. त्यानंतर वसंतापर्यंत हात बांधून ठेवायचा म्हणे. मला कसं जमणार ते डॉक्टरलाच माहीत. मॅनेजरने घड्या घालायचं काम दिलंय, एका हाताने. पहिल्या दिवशी मी तीन टॉवेल भिंतीवर फेकले. आता एका कोपऱ्यावर हनुवटी ठेवते, जमतं.

तुझ्या फोनवर माझा नंबर अजून बंद आहे, काल फोन लावून पाहिला. असू दे. बोलायलाच पाहिजे असं काही नाही. वसंतात दगड कोरडा असेल, माझा हात वर जात असेल आणि तुला खालच्या टोकाला कोणी हवं असेल, तर माझ्या फोनवर तीनदा वाजव आणि ठेवून दे. मी उचलणार नाही.

तीनदा वाजला की मी निघाले.

आई